काळी चारची गाडी

या, असे जरा अलीकडे सरका. मागे खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढे या, जागा भरपूर आहे. गोष्ट आहे एका आवाजाची, आणि तो आवाज गावाने कसा शोधला, कसा पकडला आणि मग कसा परत आणला, त्याची. काल्याच्या लाह्या जशा कोणाच्या हातावर कमी पडत नाहीत, तशी ही गोष्टही कोणाला कमी पडणार नाही. तेवढा मोबाइल मात्र खिशात ठेवा, माउली.

मखमलाबादच्या रंगनाथ विधात्यांनी परदेशी गाडी घेतली. सेकंडहँड, अंधेरीच्या एका दलालाकडून. रंगनाथरावांचा गुलाबाचा मळा होता आणि दोन हजार सालानंतर नाशकात मंगल कार्यालयं अशी उगवली की गुलाब तोडायलाही वेळ मिळेना. तरी गाडी काही मिरवायला घेतली नव्हती. म्हणजे मिरवायलाच घेतली होती, पण देवाच्या नावाने. गावात चैत्रात मारुतीचा सप्ताह बसायचा. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला येणाऱ्या महाराजांना गाडीतून आणायचं, पारापाशी स्वतः त्यांचं दार उघडायचं आणि मग कीर्तनात पहिल्या रांगेत, महाराजांच्या नजरेसमोर बसायचं, हा मान कित्येक वर्षं गोटीराम नानांच्या जीपकडे होता. तो एकदा तरी आपल्याकडे यावा, एवढीच रंगनाथरावांची इच्छा. दरवर्षी दार उघडताना नाना गर्दीत त्यांना शोधून त्यांच्याकडे बघून हसायचे. ते हसू फार लागायचं.

गाडी दाखवताना दलाल म्हणाला होता, "शेठ, सुपरचार्ज हाय ही."

रंगनाथरावांना वाटलं, बॅटरी दणकट असणार. त्यांनी गावभर तसंच सांगितलं. खरी गोष्ट वेगळी होती. या गाडीच्या इंजिनावर एक लोखंडी भाता बसवलेला होता. तो पट्ट्यावर फिरायचा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबायचा. हवा वाढली की ताकद वाढायची. आणि भाता फिरला की वाजायचा, भात्याने दुसरं काय करायचं? पण अंधेरीत गाडी चालवून पाहिली तेव्हा बाहेर हॉर्न होते आणि आत टेप चालू होता. तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला कसारा घाटात.

"ऊंऽऽऽऽ!"

रंगनाथरावांनी पाय काढला. आवाज थांबला. पाय दिला, पुन्हा "ऊंऽऽऽऽ!"

"अगं, काहीतरी ओरडतंय."

शेजारी नवसाबाई मांडीवर पेढ्याचा पुडा घेऊन बसल्या होत्या. त्यांचं माहेर भजनी मंडळाचं, वडील पेटी वाजवायचे. त्या कान देऊन म्हणाल्या, "ओरडत नाय, गातीय. चांगला सूर लागलाय की."

"गाडीनं गायचं नसतं! गाडीनं गप चालायचं असतं!"

इगतपुरीत चहाला थांबले तेव्हा रंगनाथरावांनी दोनदा बॉनेट उघडून आत पाहिलं. काल्याला थोडेच दिवस उरले होते.

गावात गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. त्याच रात्री सप्ताह कमिटी पारावर बसली. गोटीराम नानांनी पेढा तोंडात ठेवूनच विषय काढला. "गाडी झकास हाय. पण कण्हती."

"कण्हत नाय नाना, ते..."

"मी ऐकली ना रंगनाथ, माझ्या बांधावरून गेली ती. आता सांग, सारंगधर महाराज एवढे हरसूलहून येणार. वाटेत त्यांचं चिंतन चालतं, डोळे मिटून. आणि तुझी गाडी सारखी कण्हणार. चिंतन कसं व्हायचं?"

नानांच्या जीपचा खडखडाट पार म्हसरूळपर्यंत जायचा. तिच्यातून उतरताना मागच्या वर्षी महाराजांनी दोन्ही कानांना हात लावला होता, आणि गावाला वाटलं, नमस्कार केला. पण तो आवाज गावाच्या ओळखीचा होता. ओळखीच्या खडखडाटाला कोणी आवाज म्हणत नाही. कमिटीने ठरवलं: काल्याच्या आत रंगनाथच्या गाडीचा आवाज गेला तर महाराज तिच्यातून, नाहीतर जीप आहेच. तपासायला कमिटीतर्फे गोटीराम नाना.

रंगनाथराव दुसऱ्या दिवशी नाशकाच्या द्वारका चौकात वाल्मीकशेठच्या गॅरेजात गेले. वाल्मीकशेठचा हात चांगला होता, पण असली गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तसं ते म्हणाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आमच्या नाशकात 'मला माहीत नाही' हे वाक्य द्वारकेपासून पंचवटीपर्यंत कोणीही उच्चारत नाही. रस्ता विचारा, औषध विचारा, अमेरिकेचं राजकारण विचारा, उत्तर तयार असतं.

वाल्मीकशेठने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"वॉटर पंप," ते म्हणाले.

पंप बदलला. "ऊंऽऽऽऽ!"

"म्हणजे आल्टरनेटर."

तोही उघडून बसवला. "ऊंऽऽऽऽ!"

"गाडी परदेशी हाय ना, तिला इथलं ऑइल पचंना."

ऑइल बदललं. त्यानंतर आवाज जास्तच मोकळा निघू लागला, खडीसाखर खाल्ल्यासारखा.

मग रंगनाथरावांचा पुतण्या हर्षल पुढे आला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, बरीच वर्षं. त्याने कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून अभ्यास केला आणि येऊन जाहीर केलं, "काका, हा रेझोनन्स आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... एक गोष्ट हलली की दुसरी हलते."

"मग करायचं काय?"

"काहीच हलू द्यायचं नाही."

त्याने बॉनेटखाली, जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे, गुलाबाच्या बॉक्समधला थर्माकोल कोंबला. गाडी गंगापूर नाक्यापर्यंत गेली आणि बॉनेटमधून पांढरा धूर निघाला. आवाज होताच, आता वासही आला.

शेवटी शेजारच्या चतुराबाईंना राहवलं नाही. त्या सगळ्या आळीच्या मावशी. म्हणाल्या, "अरे, पंप बदलतोस, तेल बदलतोस, दृष्ट कोण काढणार? एवढी गाडी मुंबईहून आली, वाटेत किती डोळे लागले असतील! मिरच्या जाळून बघू. ठसका आला तर समजायचं काही नाय. ठसका नाय आला तर समजायचं दृष्ट कडक."

हे शास्त्र आपल्याला ठाऊकच आहे. नेमके त्याच वेळी गोटीराम नाना तपासणीला आले होते. ते मागच्या सीटवर बसले, काचा वर, एसी चालू. हर्षल पुढे ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून. चतुराबाईंनी निखाऱ्याचं घमेलं गाडीच्या तोंडापाशी धरलं आणि मूठभर मिरच्या, मोहरी, मीठ टाकलं.

"दाब रे हर्षल! तिला कळू दे!"

हर्षलने दाबलं. भात्याने आपलं काम केलं, एसीच्या पंख्याने आपलं. मिरचीचा सगळा धूर सुतासारखा सरळ गाडीत गेला. बाहेर एकालाही साधी शिंक आली नाही.

चतुराबाई थक्क. "बघा! एवढ्या मिरच्या जाळल्या, ठसक्याचं नाव नाय! अशी कडक दृष्ट मी उभ्या जन्मात पाहिली नाय!" आणि त्यांनी आणखी मूठभर मिरच्या टाकल्या.

आत हर्षल रुमालात तोंड खुपसून पेडल दाबत होता आणि नाना, परदेशी दाराची कडी सापडेना म्हणून, काचेवर दोन्ही हातांनी थापा मारत होते. बाहेरच्यांना वाटलं, नाना आवाजाला ताल धरताहेत. रंगनाथरावांनी हात जोडून मान डोलावली. दार उघडलं तेव्हा नाना बाहेर आले ते चालत नाही, गडगडत. बराच वेळ त्यांना बोलता येईना. बोलता आलं तेव्हा म्हणाले, "जीप! जीपच जाणार!"

"नाना, अजून दोन दिवस हायेत," रंगनाथराव काकुळतीला आले.

आता वाल्मीकशेठची इभ्रतही पणाला लागली होती. ते स्वतः मळ्यात आले आणि त्यांनी निराळी युक्ती काढली. "ऐकून कळंना ना? मग एकेक काढून बघू. जे काढल्यावर आवाज जाईल तो गुन्हेगार."

रबरी पट्ट्यांपासून सुरुवात झाली. दुसराच पट्टा काढला, गाडी चालू केली, पाय दिला आणि... काही नाही. निव्वळ शांतता. विहिरीवरची पाखरं ऐकू आली.

"सापडला!" वाल्मीकशेठने पट्टा शेपटीला धरलेल्या सापासारखा उंच केला. "हाच तो!"

रंगनाथरावांनी त्यांना मिठी मारली. हर्षल म्हणाला, "मी म्हटलंच होतं, हलणारी वस्तू." चतुराबाई म्हणाल्या, "दृष्ट उतरली म्हणून सापडला." मळ्याच्या सपाट रस्त्यावर गाडी फिरवली. नानांनी मागे बसून ऐकलं, बॉनेटला कान लावून ऐकलं, आणि नाइलाजाने मान हलवली.

एकट्या नवसाबाई म्हणाल्या, "अहो, पण ती बोलंना झाली हो."

"हेच तर पाहिजे होतं!"

नवसाबाईंनी तो पट्टा उचलला, झटकला. "रबर चांगला हाय. कशाला तरी बांधायला होईल," म्हणून डिकीत टाकला.

काल्याच्या दिवशी पहाटेच अंघोळी करून तिघे निघाले. रंगनाथराव, नवसाबाई आणि खास मान म्हणून नवी टोपी घातलेले वाल्मीकशेठ. वाघेऱ्याच्या घाटाचा उतार गाडी अशी गुपचूप उतरली की रस्त्यातल्या शेळ्यासुद्धा बाजूला झाल्या नाहीत. हरसूलला सारंगधर महाराज तयारच होते. महाराजांचा देह भरलेला, आवाज त्याहून भरलेला. सोबत त्यांचा पेटीवाला मंगळू. महाराज पुढे बसले, मागे नवसाबाई, मंगळू आणि वाल्मीकशेठ. पेटी डिकीत ठेवली. ती सरकू नये म्हणून नवसाबाईंनी तोच पट्टा तिच्याभोवती घेऊन डिकीतल्या कडीला पक्का आवळला.

"गाडी फार शांत आहे हो," महाराज म्हणाले.

रंगनाथरावांचे डोळे भरून आले. "तुमच्या चिंतनासाठी, महाराज."

परतीला तोच घाट चढायचा होता. चढ लागला. गाडी आधी थोडी विचारात पडल्यासारखी झाली. मग तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर आली. एसी बंद केला. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बाया मागून आल्या, "रामकृष्णहरी, महाराज" म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या. महाराजांनी प्रत्येकीला हात जोडले, तेवढा वेळ होता. नंतर म्हशी आल्या. त्याही पुढे गेल्या. आणि पुढच्या वळणावर गाडी थांबली, अगदी आवाज न करता.

तेवढ्यात मागून ओळखीचा खडखडाट आला. गोटीराम नानांची जीप.

"अरे! मी सहज बाजाराला आलो होतो हरसूलच्या," नाना म्हणाले. त्या दिवशी हरसूलला बाजार नव्हता. "काय झालं? बसा महाराज, जीप रिकामीच हाय."

महाराजांनी जीपकडे पाहिलं. त्यांचे हात नकळत कानांकडे गेले. "आणखी थोडं पाहू. घाई नाही."

रंगनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वाल्मीकशेठ बॉनेट उघडून आत उगाच इकडचं तिकडे करत होते. नवसाबाई खाली उतरल्या.

"वाल्मीकभाऊ, तो पट्टा लावा ना."

"वहिनी, तो पट्टा आवाजाचा हाय. चढाचा नाय."

"पेटीचा भाता काढून घ्या, मग बघा ती वाजते का. हिचा बी तो भाताच दिसतोय. गाणं गेलं तवाच हिचा दम गेला."

"असं कुठं असतं का?"

"नसंल तर नसंल. लावून तर बघा. नायतर महाराज चालले जीपमध्ये."

हे शेवटचं वाक्य रंगनाथरावांना पटलं. ते धावत डिकीकडे गेले, पेटीभोवतीचा पट्टा ओढून काढला आणि वाल्मीकशेठच्या हातात कोंबला. वाल्मीकशेठने तो चढवला, "केवळ वहिनींच्या समाधानासाठी" असं दोनदा सांगून. सगळे घाईघाईने आत बसू लागले आणि रंगनाथरावांनी पाय दिला.

"ऊंऽऽऽऽऽऽ!"

गाडी अशी उसळली की एक पाय आत असलेला मंगळू दुसऱ्या पायाने थोडा पळालाच. वळणावर डिकीत 'धाड' झालं, ते कोणाला कळलं नाही. म्हशी मागे पडल्या, मोळीवाल्या मागे पडल्या, जीप तर दिसेनाशी झाली. रंगनाथराव मात्र घामाने निथळत होते. चढ गेला, पण आवाज आला! आता महाराज काय म्हणणार? त्यांनी चोरून पाहिलं. महाराजांनी डोळे मिटले होते आणि मान हळूहळू डोलत होती.

"मंगळू, पेटीची कुठली पट्टी ही? काळी चार?"

"काळी चारच, महाराज. चढ आला की पाचकडं झुकती."

आणि महाराजांनी सूर लावला. गाडीत बसून, गाडीच्याच सुरात. "विठ्ठल विठ्ठल" असं धरलं की काचा झिणझिणल्या. मागून नवसाबाईंनी साथ धरली, मंगळूने मांडीवर ठेका. पुढे एक वळण आलं, रंगनाथरावांनी पाय उचलला.

"पाय काढू नका हो!" महाराज ओरडले. "सूर उतरतो!"

"महाराज, समोरून एसटी येतीय!"

"मग जरा कमी काढा!"

गाडी गावात शिरली ती गर्जत. कमिटीची माणसं पारावर उभी होती, त्यांचे चेहरे पडले. पण रंगनाथरावांना आता कशाचं भान नव्हतं. ते उतरले, फिरून आले आणि त्यांनी महाराजांचं दार उघडलं. स्वतःच्या हाताने. फुलांची उधळण झाली. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी सतरंजीवर पांढरी चादर अंथरलेली होती. एवढ्या वर्षांची इच्छा चार पावलांवर आली.

तेवढ्यात मंगळूने डिकी उघडली आणि कपाळावर हात मारला. मोकळी सुटलेली पेटी वळणावळणांनी आपटून तिचा भाता फाटला होता. दाबला की नुसता सुस्कारा टाकायचा.

मंडप माणसांनी भरला होता. वीणेकरी उभे होते, पण वीणेचा झंकार तिसऱ्या रांगेपलीकडे जाईना. भजनी मंडळाची पेटी मुलांनी सप्ताहभर बडवून बेसूर केलेली. महाराज प्रसन्न हसले.

"रंगनाथराव, तुमची गाडी मंडपामागं घ्या. अशी, कनातीला लागून. आज सूर तीच धरेल."

"मग... मी?"

"तुम्हीच धरायचा. दुसऱ्या कोणाला जमणार?"

अशा रीतीने काल्याचं कीर्तन सुरू झालं. पुढे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये महाराज, आणि कनातीमागे, कोणालाही न दिसता, रंगनाथ विधाते ॲक्सिलरेटरवर पाय धरून. मंगळू कनातीच्या फटीत उभा राहून हाताने खुणा करायचा: थोडा कमी, हं, धरा. पांढऱ्या चादरीवर कोण बसलं होतं? उशिरा पोहोचलेले गोटीराम नाना. रंगनाथरावांना कीर्तनातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, पोटरीला गोळा आला होता, घड्याळाकडे पाहायची सोय नव्हती. पण टाळांचा हादरा जमिनीतून चाकात, चाकातून सीटमध्ये येत होता. हळूहळू त्यांचे डोळे मिटले. पाय मात्र हलला नाही. ते कीर्तनात बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच, आपल्याला कोण पाहतंय हे त्यांच्या मनात आलं नाही.

इकडे नानांना पहिल्या रांगेत करमेना. सगळ्या मंडपाच्या माना मागे वळत होत्या. महाराज हात उंचावून कनातीकडे बोट दाखवून म्हणत होते, "असा सूर धरणारा सेवेकरी पाहिजे!" नाना थोडा वेळ चुळबुळले. मग वाकून, धोतर सावरत, मागे आले. काचेवर टकटक केली.

"रंगनाथ."

"काय नाना? पाय काढता येत नाय."

"तेच म्हणतो. दुखत असंल. थोडा वेळ मी दाबू का?"

रंगनाथरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. दरवर्षीचं ते हसू नानांच्या तोंडावर नव्हतं. हट्ट धरून बसलेल्या पोरासारखा चेहरा होता.

"वहाणा बाहेर काढा," रंगनाथराव म्हणाले आणि बाजूला सरकले.

नानांचा पाय जीपवर तयार झालेला. जीपला हलकं दाबून कळतच नाही. त्यांनी भक्तिभावाने पाय ठेवला, आणि काळी चार सोडून सूर काळी पाचला गेला. महाराजांनी एक पट्टी चढवली, टाळकरी चढले. नानांना वाटलं, रंगत येतेय. त्यांनी आणखी दाबलं. मंगळू फटीतून दोन्ही हात हलवत होता, नानांना वाटलं, तो नाचतोय. त्या चैत्रात मखमलाबादचा काला पांढरी सातला फुटला. एवढ्या वरच्या सुरात गाव यापूर्वी कधी गायलं नव्हतं. लहान पोरांचाच सूर काय तो लागला, मोठी माणसं दोन्ही हात वर करून नुसती उड्या मारत राहिली.

बायकांच्या रांगेत चतुराबाई गहिवरून म्हणाल्या, "काय गं नवसाबाई, तुझ्या नवऱ्याला आज देवच भेटला म्हणायचा!"

नवसाबाईंनी नुसता कान दिला. म्हणाल्या, "मावशी, हा पाय आमच्या ह्यांचा नाय. ह्यांना कुणीतरी उठवलंय."

पुढच्या आठवड्यात गोटीराम नाना जीप घेऊन वाल्मीकशेठकडे गेले. "हिला बी सूर बसवून दे." वाल्मीकशेठने स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि 'जमणार नाही' असं काही ते म्हणाले नाहीत.

झाली गोष्ट. आता उठताना तेवढं एक लक्षात असू द्या. कधी घाट चढताना एखादी गाडी "ऊंऽऽऽ" करत तुमच्या पुढे निघून गेली, किंवा घरातलंच कोणी आपल्या नादात गुणगुणायला लागलं, तर 'गप्प बस' म्हणायच्या आधी मखमलाबादच्या नवसाबाईंची एकदा आठवण काढा. पहिल्या दिवशी, कसारा घाटात, पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन ती माउली सांगत होती. तेव्हा कोणी ऐकलं नाही.